वारसा फक्त वादातच का आठवतो?

दिवाळीच्या सुट्टीत बहीण तिच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली होती. भाचा सातवीत, पुण्यात वाढलेला. त्याला पाणचक्की दाखवायला नेले. हौदात वरून पडणाऱ्या पाण्याकडे तो बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मामू, ये पानी आता कहाँ से?" मी म्हणालो, डोंगराकडून. त्याचा पुढचा प्रश्न तयारच होता. "पण इथे मोटार नाही, वीज नाही. मग ते एवढ्या वर चढतं कसं?"

मी इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला माणूस. याच शहरात लहानाचा मोठा झालो. पाणचक्की शंभर वेळा तरी पाहिली असेल. तरीही मला उत्तर देता आले नाही. विषय बदलला आणि त्याला कुल्फी घेऊन दिली.

त्या रात्री लाज वाटून शोधायला बसलो. सापडले ते फारसे अवघड नव्हते. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी या गावी शहर वसवले आणि काही वर्षांतच तिथे नहर आणली. तीच नहर-ए-अंबरी. डोंगराच्या पोटातले पाणी जमिनीखालच्या चरांतून गोळा करायचे, बंद नळांतून उताराने शहराकडे आणायचे आणि वाटेत जागोजागी उंच मनोरे बांधायचे, अशी ती रचना. बंद नळातले पाणी आपल्या उगमाच्या पातळीपर्यंत पुन्हा चढू पाहते. मनोऱ्यात ते चढते, नळात अडकलेली हवा तिथून निघून जाते, दाब आटोक्यात राहतो आणि पाणी पुढे सरकते. पाणचक्कीला येणारी नहर पुढच्या शतकातली, पण तत्त्व तेच. वरून पडणाऱ्या पाण्याने चाक फिरायचे, चाकाने जाते फिरायचे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळले जायचे.

बंद नळातल्या पाण्याच्या दाबाचे हे तत्त्व मी कॉलेजात शिकलो होतो. गणितेही सोडवली होती. पण ज्या शहरात आम्ही शिकत होतो, तिथे हेच तत्त्व चारशे वर्षांपूर्वी दगड-मातीत उतरले आहे, हे चार वर्षांत एकाही प्राध्यापकाने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आमच्यासाठी पाणचक्की म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी फिरायला जायची जागा.

हा प्रसंग लिहायचे कारण असे की आपल्या पिढीला वारसा आठवतो तो फक्त भांडणात. शहराचे नाव बदलले की आठवतो. एखाद्या कबरीवरून टीव्हीवर चर्चा रंगल्या की आठवतो. २०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला, नागपुरात हिंसाचार झाला, संचारबंदी लागली. त्या काही दिवसांत आपल्यापैकी किती जणांनी इतिहासावर पोस्ट टाकल्या, किती जणांनी त्या पुढे पाठवल्या! वाद शमला, तशा पोस्टही थांबल्या. त्याच खुलताबादेत मलिक अंबरचीही कबर आहे. तिथे जाऊन आलेले किती जण निघतील?

हबश देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा दख्खनमध्ये येतो, निजामशाहीचा पेशवा होतो, मोगल फौजांना वर्षानुवर्षे झुंजवतो, जमीन महसुलाची घडी बसवतो आणि शहराला पाणी देतो. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे भोसले लढले. त्यांचे बंधू शरीफजी त्या लढाईत कामी आले. शहाजी आणि शरीफजी ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवली गेली, असे परंपरा सांगते. 'तुमचा इतिहास' आणि 'आमचा इतिहास' अशी वाटणी करू पाहणाऱ्यांना यातल्या एका ओळीचीही वाटणी करता येणार नाही.

बीबी का मकबराही तसाच. सतराव्या शतकाच्या मध्यास उभा राहिलेला. गाईड मंडळी त्याला ताजमहालाची नक्कल म्हणून दाखवतात, पर्यटक फोटो काढून निघतात. त्याच्या प्रवेशद्वारावरच्या लेखात रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय अशी दोन नावे आहेत. सलोख्यावर आपण व्याख्याने ठेवतो. तिथे एका इमारतीच्या कामात दोघांची नावे शेजारी कोरलेली आहेत आणि आपण त्या दारातून न वाचता आत जातो.

आता पर्यटनाचे पाहा. अजिंठा आणि वेरूळ १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. जगभरातून माणसे येतात. पण बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी वेरूळ, वाटेत दौलताबाद, परतताना मकबरा, जमल्यास पाणचक्की, संध्याकाळी गाडी किंवा विमान. या धावपळीत जुन्या शहरातल्या माणसांच्या हाती काय पडते? हिमरू विणणारी घरे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. सुती ताण्यावर रेशमी बाण्याची नक्षी काढणारी ही कला तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हापासूनची मानली जाते. पण दुकानात यंत्रमागावरची शालही हिमरू म्हणूनच विकली जाते आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, कारण तो समजावून सांगणारा कुणी नसतो. खऱ्या कारागिराला त्याच्या वेळेचा मोबदला मिळत नाही. त्याचा मुलगा मग रिक्षा चालवतो किंवा कंपनीत कंत्राटी कामाला लागतो. यात त्या मुलाचा दोष नाही. कलेवर घर चालत नसेल, तर कला सोडणे हाच शहाणपणा ठरतो.

आपल्या मोहल्ल्यांत बेकार पदवीधर कमी नाहीत. उर्दू, मराठी, हिंदी आणि कामापुरते इंग्रजी बोलणारी मुलेमुली घरोघर आहेत. जुन्या शहरातून दोन तासांची पायी फेरी काढायला भांडवल काय लागते? भडकल दरवाजा, नहरीचे मनोरे, जुन्या वाड्यांच्या कमानी, हिमरूचा एखादा चालू माग, शेवटी नान-कलिया. माहिती खरी असली आणि सांगण्यात गोडी असली, तर माणसे पैसे देऊन येतील आणि एक रात्र जास्त राहतील. त्या एका रात्रीवर हॉटेलवाला, रिक्षावाला, विणकर आणि खानावळ चालवणारी बाई अशी चार घरे चालतात. आपल्या मुलींनी यात पुढे यावे. मोहल्ल्यातल्या आजीचे किस्से, स्वयंपाकघर आणि लग्नगीते यांच्यापर्यंत त्यांच्याइतके सहज कुणी पोहोचू शकत नाही.

सरकारने काही करू नये, असा याचा अर्थ नाही. नहरीचे मनोरे ढासळतात, नळांवर रस्ते आणि इमारती होतात, दरवाजांच्या भिंतीला झाडे फुटतात, ही प्रशासनाची जबाबदारी आहे आणि तिचा जाब विचारलाच पाहिजे. ज्या शहराची घडण पाण्याच्या नियोजनावर झाली, तिथे आज कित्येक दिवसांनी एकदा नळाला पाणी येते आणि तेही पैठणच्या जायकवाडी धरणातून पंपांनी वर चढवून आणावे लागते. दहा लाखांहून मोठ्या शहराची तहान जुन्या नहरीने भागणार नाही, हे उघड आहे. पण डोंगरात मुरलेले पाणी जपून वापरायची तिची शिकवण कालबाह्य झालेली नाही.

मात्र जाब विचारताना स्वतःकडेही बघावे लागेल. किती जुन्या मशिदी आणि दर्ग्यांच्या दगडी भिंतींवर आपणच ऑइल पेंट फासला? नूतनीकरणाच्या नावाखाली कोरीव कामावर चकचकीत टाइल्स कुणी बसवल्या? शिलालेखावर चुन्याचे थर कुणी चढवले? वर्गणी देणारे आपण, काम करून घेणारी कमिटीही आपली. वक्फच्या जमिनीवरची अतिक्रमणेही काही सगळी बाहेरच्यांनी केलेली नाहीत. राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय पाणचक्कीच्याच आवारात आहे. तिथे कामासाठी खेटे घालणाऱ्यांपैकी किती जण जाता जाता त्या चक्कीच्या देखभालीची विचारपूस करतात?

१९७६ मध्ये संविधानात मूलभूत कर्तव्ये आली. आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल ओळखणे आणि तो जपणे हे त्यातले एक, कलम ५१ क मध्ये नोंदलेले. हक्कांची कलमे आपल्याला पाठ असतात आणि ती असायलाच हवीत. पण हे कर्तव्य आपल्या बाजूचे मोठे बळ आहे. मलिक अंबरची नहर, बौद्धांची लेणी आणि हंसपत रायचे नाव जपणारा तरुण कुणा एका समाजाची वकिली करत नसतो. तो नागरिक म्हणून आपले काम करत असतो. जो वारसा सगळ्यांच्या ओळखीचा होतो, त्याच्यावर हात टाकणेही अवघड होते.

मग करायचे काय? आपापल्या गावापासून सुरुवात करू. गावात नहर नसेल, पण बारव असेल, जुनी ईदगाह असेल, एखाद्या घरात फारसी किंवा मोडी कागदांची पेटी असेल. तिचे नीट फोटो काढा. मूळ कागद ज्याचा त्याच्याकडेच राहू द्या. वृद्धांना बोलते करून मोबाइलवर रेकॉर्ड करा, नाव, गाव, तारीख लिहून ठेवा. खात्री केलेली माहिती मराठी विकिपीडियावर घाला, ठिकाण नकाशावर नोंदवा. कुठल्या वास्तूची देखभाल कुणाकडे आहे आणि तिच्यावर किती खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून एक सहल ठरवा. उर्दू शाळेची आणि मराठी शाळेची मुले एकत्र न्यावीत, म्हणजे उत्तम. यातले काहीही करायला फार पैसा लागत नाही. रविवार लागतात.

मी सुरुवात केली आहे. नहरीचे अजून उभे असलेले जेवढे मनोरे सापडतील, तेवढ्यांची यादी करतो आहे. प्रत्येकाचा फोटो, जागा आणि सध्याची अवस्था. यादी अर्धवट आहे, त्यात चुकाही असतील. दोन मनोरे एका गल्लीतल्या म्हाताऱ्या चाचांनी दाखवले, नाहीतर मला सापडलेच नसते. भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा येणार आहे. या वेळी त्याला नळी आणि पाण्याची बाटली देऊन तो प्रयोग घरीच करून दाखवणार आहे. त्यानंतर पाणचक्कीला जाऊ. तिथे आलेल्या पाहुण्यांना पाणी वर कसे चढते, हे तोच सांगेल.