तात्पुरतं म्हणजे किती दिवस?



गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर धाकट्या भावोजींनी एक लांबलचक संदेश पाठवला. 'खिडकीची काच तडकली? घाबरू नका! घरच्या घरी पाच सोपे उपाय.' पाच उपाय असे : नेलपॉलिश, टूथपेस्ट, झटकन चिकटणारा गोंद, सेलोटेप आणि प्लास्टिकचा कागद. खाली धडाधड अंगठे उमटले. एका भाचीने लिहिलं, "चला, काचवाल्याचे पैसे वाचले!"

मी अंगठा दाखवला नाही. ते लगेच कुणाच्या तरी लक्षात आलंच (आमच्या घराण्यात असल्या गोष्टी फार लवकर लक्षात येतात). दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. भावोजी, रागावू नका. माझं भांडण तुमच्याशी नाही, 'तात्पुरतं' या शब्दाशी आहे.

आधी एक कबुली देते. तात्पुरत्या उपायांना मी सरसकट नावं ठेवत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा आम्ही दोघं इथे मांडव्यालाच होतो. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा म्हणजे काय, हे पेपरात वाचून कळत नाही. आदल्या दिवशी सगळीकडून एकच सल्ला येत होता, काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारा. मी मुकाट्याने मारल्या. १९७१ च्या युद्धात गिरगावात मावशीकडे राहून बी.ए. करत होते, तेव्हाही आम्ही कागदाच्या पट्ट्या खळीने काचांवर चिकटवल्या होत्या. युद्ध तेरा दिवसांत संपलं. पट्ट्या मात्र पुढच्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत होत्या! तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं.

तर वादळात समोरच्या माडाची झावळी उडून आली आणि पडवीच्या खिडकीचं एक तावदान फुटलं. फुली होतीच, पण तिने काच फुटायची थांबवली नाही. उलट पट्टीला धरून राहिलेले हातभर लांबीचे तुकडे सुऱ्यासारखे आत लोंबत राहिले. अमेरिकेचं सरकारी वादळ केंद्र कित्येक वर्षं लोकांना हेच सांगत आलं आहे, हे मला नंतर कळलं. पट्टीने काच मजबूत होत नाही, फक्त तुकडे मोठे पडतात आणि मोठे तुकडे जास्त घातक. तिकडे खिडकीवर फळ्या ठोकायला किंवा झडपा लावायला सांगतात.

शेजारच्या तावदानाला नुसता तडा गेला. खालच्या कोपऱ्यातून निघून तिरका वर, वीतभर. तेव्हा टाळेबंदी होती, वीज गेलेली, लाँच बंद, रस्त्यावर झाडं आडवी. चोंढी-अलिबागच्या काचवाल्यांना तर आख्ख्या तालुक्याची बोलावणी असणार. फुटलेल्या जागी आम्ही प्लास्टिकचा कागद ठोकला आणि तडकलेल्या काचेवर रुंद तपकिरी पट्टी लावली. त्या दिवसांत ते योग्यच होतं. त्या प्लास्टिकनेच पाऊस बाहेर ठेवला.

चूक पुढे झाली. दिवाळीच्या सुमारास काचवाला आला आणि फुटलेल्या जागी नवीन काच बसवून गेला. तडकलेल्या काचेकडे बोट दाखवून तो म्हणाला, "बाई, हीपण बदलून टाकू?" आणि मी, चाळीस मुलांना 'आजचं काम आजच' शिकवणारी मी, म्हणाले, "राहू दे रे. टिकली आहे की."

पुढच्या वर्षी, १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ समोरच्या समुद्रातून गुजरातकडे गेलं, तेव्हाही ती काच टिकली. मग तर आमचा विश्वासच बसला. पट्टी पिवळी पडली, कडा सुटल्या, आम्ही तिच्यावर दुसरी पट्टी लावली. २०२३ साली गणपतीच्या आधी घर झाडून-पुसून काढत होतो. आमच्याकडे वरकामाला येते ती मुलगी (मुलगी कसली, दोन मुलांची आई आहे, पण चौथीत माझ्या वर्गात होती म्हणून मला मुलगीच) पडवीची खिडकी ओल्या फडक्याने पुसत होती. कोपऱ्यावर जरासा जोर पडला. काच पट्टीसकट खाली आली. तळहातापासून मनगटापर्यंत चिरलं. सहा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, अर्धा बोट पलीकडे लागलं असतं तर शीर होती.

आणि ती मला काय म्हणाली? "बाई, तुमची काच फुटली माझ्या हातून."

मंडळी, या वाक्यानंतर मला कुणी 'काचवाल्याचे पैसे वाचले' म्हटलं की राहवत नाही. काचवाल्याने त्या तावदानाचे बसवण्यासकट साडेचारशे रुपये घेतले. सव्वातीन वर्षं मी ते साडेचारशे रुपये वाचवत होते, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताने दिली. पट्टी लावणारा एक असतो आणि त्या काचेला रोज हात लावणारा दुसराच असतो. 'चालतंय की' म्हणणारा सहसा ती खिडकी पुसत नाही.

आता त्या पाच उपायांकडे वळू.

काचवाला काच कशी कापतो, ते तुम्ही पाहिलं असेल. तो काच आरपार कापतच नाही. कटरने एक बारीक रेघ ओढतो, मग दोन्ही बाजूंनी हलकासा दाब, टक्! काच त्या रेघेवर सरळ तुटते. ती रेघ म्हणजे मुद्दाम पाडलेला तडाच. मग आपल्या खिडकीतला तडा काय वेगळा आहे? तोडण्याचं निम्मं काम आधीच होऊन बसलेलं असतं, राहिलेला असतो फक्त तो हलकासा दाब. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली याचं गणित मांडलं. काच हिशेबाने जेवढी मजबूत असायला हवी, त्याच्या कितीतरी कमी जोराने ती फुटते, याचं कारण तिच्यातल्या बारीक भेगा. सगळा ताण भेगेच्या टोकाशी गोळा होतो, आणि भेग जितकी लांब तितका कमी जोर पुरतो.

आपल्या किनाऱ्यावर त्यात भर पडते. दमट हवेतलं पाणी भेगेच्या टोकापर्यंत पोचलं की तिथली काच आणखी कमकुवत होते आणि कुणी हात न लावताही भेग सावकाश पुढे सरकते. लाकडी चौकट पावसाळ्यात फुगते. लोखंडी असेल तर गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काचेला दाबतो. म्हणजे मांडव्याची तडकलेली काच कधीच नुसती बसून नसते.

आता बघा. टूथपेस्टचा तड्याशी काही संबंध नाही, तिने फार तर बारीक ओरखडे पुसट होतील. नेलपॉलिश आणि गोंद भेगेत शिरतात, तडा कमी दिसतो आणि पाणी आत जाणं काही काळ थांबतं. पण काचेची गेलेली ताकद परत येत नाही. मला तर हाच उपाय सगळ्यांत धोक्याचा वाटतो, कारण त्याने धोका जात नाही, दिसेनासा होतो. (गाडीच्या पुढच्या काचेतला छोटा टवका भरून देतात, हे खरं. पण ती काच दोन थरांची असते आणि मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो. घरच्या साध्या काचेला तो नियम लावू नये.) सेलोटेप तुकडे धरून ठेवते, पण ऊन आणि खारी हवा तिचा गोंद वाळवून टाकतात. माझ्यासारखी तपकिरी पट्टी लावाल तर खालचा तडा वाढतोय की नाही, हेही कळणार नाही. पाचांपैकी प्रामाणिक उपाय एकच, प्लास्टिकचा कागद. तो निदान खिडकी दुरुस्त झाल्याचं सोंग आणत नाही.

कुणी म्हणेल, बाई, आपले पूर्वजही असंच भागवत होते. अजिबात नाही! माझ्या माहेरच्या घराला काचा नव्हत्याच, लाकडी फळ्यांच्या खिडक्या आणि गज. पावसाच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधत. झाप हा शंभर टक्के तात्पुरता उपाय. पण त्याला तिथी होती. मृग लागायच्या आत झाप बांधून झालेच पाहिजेत आणि पाऊस सरला की उतरवलेच पाहिजेत. पुढच्या वर्षी नवे विणायचे. कुजलेला झाप तीन वर्षं तसाच ठेवला असता तर आजीने घर डोक्यावर घेतलं असतं. पूर्वजांच्या तात्पुरत्याला मुदत होती. ती आपण सोडून दिली आणि नुसतं भागवणं तेवढं उचललं.

वर त्याला 'जुगाड' असं कौतुकाचं नावही दिलं. २०१२ साली जुगाडावर इंग्रजीत पुस्तक निघालं, व्यवस्थापनाचे वर्ग त्याचे गोडवे गाऊ लागले. नड असेल तेव्हा डोकं चालवणं ही हुशारीच आहे. पण नड संपल्यावरही तेच चालू ठेवणं याला माझ्या भाषेत आळस म्हणतात. मी ज्या शाळेत होते, तिथे एका वर्गाच्या खिडकीला काचेच्या जागी पुठ्ठा होता. मंजुरी येईपर्यंत तात्पुरता. त्या पुठ्ठ्याशेजारी बसणारी मुलं पहिलीतून चौथीत गेली. आम्ही शिक्षक रोज तो पुठ्ठा पाहत होतो आणि फळ्यावर सुविचार लिहीत होतो.

पैशाचा मुद्दा खोटा नाही. साडेचारशे रुपये सगळ्यांच्या खिशात नसतात. ज्याच्याकडे नाहीत त्याला मी काही बोलणार नाही. त्याने तडकलेली काच सांभाळून काढून टाकावी आणि प्लायवूडचा तुकडा ठोकावा. उजेड कमी होईल, पण हात शाबूत राहील. मी बोलते आहे ते आपल्यासारख्यांना, ज्यांच्या घरात दोन टीव्ही आहेत आणि खिडकीला पट्टी आहे.

मग करायचं काय? काच तडकली की आधी काचवाल्याला फोन, मग पट्टी. हा क्रम उलटा झाला की फोन राहून जातो. पट्टी पारदर्शक आणि रुंद घ्यावी, काच कोरडी पुसून दोन्ही बाजूंनी लावावी, तड्याच्या टोकाच्या पुढेपर्यंत. पुसताना जाड हातमोजे किंवा निदान दुमडलेलं गोणपाट हातात असावं. ती खिडकी कडी लावून बंद ठेवावी, तिच्याखाली पोरांची अंथरुणं घालू नयेत, आणि घरात काम करणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवावी. तडा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला असेल तर पट्टीच्या भानगडीत पडू नये, काच काढायलाच लावावी. आणि शेवटचं, पट्टीवर मार्करने तारीख घालावी. लावल्याची नव्हे, काच बदलण्याची.

हा नियम आमच्याकडे आता कडक आहे. यंदा मे महिन्यात माजघराच्या खिडकीला तडा गेला. ह्यांनी पट्टी लावली, मी वर तारीख लिहिली. ह्यांनी ती दोनदा वाचली आणि काही न बोलता चोंढीला गेले. नवीन काच पाच दिवसांत बसली.

आमची ती मुलगी आजही येते. हात बरा आहे, पण करंगळी पूर्ण वळत नाही. ती म्हणते, "बाई, काही अडत नाही." मला अडतं.

असो. भावोजी, दिवाळीत ठाण्याला आले होते तेव्हा तुमच्या न्हाणीघराच्या खिडकीवरची पट्टी मी पाहिली होती. तिच्यावर तारीख नव्हती. गणपतीला इकडे याल तेव्हा मी विचारणार आहे. तोवर ग्रुपवर अंगठा मागू नका.