जखम भरत नसेल तर दुखण्याची फाइल काढा : एक जाहीर आवाहन



तुमच्या घरात, आळीत किंवा सोसायटीत आमवात, ल्युपस, स्क्लेरोडर्मा, अल्सरेटिव्ह कोलायटिस असा एखादा ऑटोइम्यून आजार असलेलं कोणी आहे का? आणि त्यांच्या पायावरची किंवा बोटावरची जखम महिना-दीड महिना झाला तरी भरत नाही, असं आहे का? मग हे आवाहन तुमच्यासाठी आहे.

माझी उभी नोकरी रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत झाली. तिथे रांग मोठी असते. जखम पुसायची, पट्टी बांधायची, पुढचा पेशंट. ‘साखर आहे का?’ एवढं मात्र सगळे विचारतात आणि ते योग्यच आहे. पण साखर नॉर्मल निघाली की चौकशी तिथेच संपते. मग मलम बदलतं, अँटिबायोटिक बदलतं, दवाखाना बदलतो, जखम तशीच राहते. सांधे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं चालू असलेल्या गोळ्यांची फाइल घरी कपाटात पडलेली असते. पायाच्या जखमेशी तिचा काय संबंध, असं घरच्यांना वाटतं.

संबंध असतो. या आजारांत शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच अंगावर उलटते. कुणाच्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते आणि कातडीला रक्त पुरत नाही. कुणाच्या रक्तात गुठळ्या होतात. आमवातात पावलं वाकडी होतात, चपलेचा भार रोज एकाच हाडावर येतो आणि तिथली कातडी फाटते. शिवाय आजार आटोक्यात ठेवणारं स्टेरॉइडच जखम भरण्याचा वेग कमी करतं. कारण वेगळं, तसा इलाज वेगळा. फुगलेल्या शिरांमुळे झालेल्या जखमेला घट्ट पट्टी लागते. तीच पट्टी पायाला रक्त कमी पोचत असताना बांधली तर पाय धोक्यात येतो. म्हणून घट्ट पट्टीआधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. तो पाहिला का, हे विचारायला लाजू नका.

आता ज्या जखमेसाठी मी मुख्यतः लिहायला बसले, तिच्याकडे येते. पायोडर्मा गँग्रिनोसम. हा आजार तसा विरळा, पण चुकला तर फार महागात पडतो. बहुधा नडगीवर एक पुटकुळी उठते, काही दिवसांत फुटते आणि चरत जाते. कडा जांभळट आणि आतून पोखरलेल्या. वेदना जखमेच्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त. निम्म्याच्या आसपास रुग्णांना आतड्याचा दाह, आमवात किंवा रक्ताचा एखादा विकार असतो. 1930 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनाही हा जंतूंचाच प्रताप वाटला होता. तो जंतूंचा नाही. दुसऱ्याला लागतही नाही. पण दिसतो असा, की पाहणाऱ्याचा हात आपसूक चिमट्याकडे आणि ब्लेडकडे जातो. एरवी जखमेतली मेलेली कातडी काढणं हे चांगलं काम. इथे मात्र आजार भडकलेला असताना खरवडलं तर जखम आणखी पसरू शकते. मग ‘अजून घाण राहिली’ म्हणून पुन्हा खरवडतात. अशी माणसं मी पाहिली आहेत.

याचा इलाज चाकूत नाही, आतून दाह शमवणाऱ्या औषधांत आहे. जे स्टेरॉइड इतर जखमा रखडवतं, तेच इथे औषध ठरतं. ब्रिटनमध्ये 121 रुग्णांवर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि सायक्लोस्पोरिन हे दाह शमवणारं दुसरं औषध यांची तुलना झाली, ती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही औषधं सारखीच निघाली, आणि सहा महिन्यांत दोन्हीकडे जेमतेम निम्म्या रुग्णांच्या जखमा भरल्या होत्या. म्हणजे औषध बरोबर असूनही वेळ लागतो. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नका.

पण माझं बोलणं ऐकून कुणी बायोप्सीला नकार देऊ नये. कडेचा लहानसा तुकडा तपासावाच लागतो. जंतू, रक्तवाहिन्यांचा दाह, कॅन्सर यांतलं काय आहे, ते त्याशिवाय नीट ठरत नाही. वर्षानुवर्षं उघड्या राहिलेल्या जखमेत कॅन्सर होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा.

घरगुती उपायांचं काय? हळद भाजीत राहू द्या. जखमेवर चुना, राख, झाडपाला, मिश्री यांतलं काहीही नको. रोज स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की नवी येणारी कातडीही जळते. ‘उघडी ठेव, वारा लागू दे’ हा सल्लाही आता जुना झाला. जखम जराशी ओलसर, झाकलेली असेल तर लवकर भरते, हे 1962 मध्येच प्रयोगाने दिसलं आहे. आणि ते पथ्य! डाळीने पू होतो म्हणून आजारी बाईच्या ताटातली वाटी काढून घेणारी घरं अजून आहेत. जखम भरायला प्रथिनंच लागतात. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणाने मनाई केली नसेल, तर डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे भरपूर द्या.

स्टेरॉइडची गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, जीवावर बेतू शकतं. दुसऱ्या बाजूने, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांपासून लांब राहा. अशा पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना जखम चिघळली तरी ताप येईलच असं नाही. लाली पसरली, वास आला, दुखणं अचानक वाढलं किंवा बोट काळं पडलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आता बोटांवरच्या जखमा. स्क्लेरोडर्मात बोटांच्या टोकांना जखमा होतात. थंडीने बोटं पांढरी, मग निळी पडतात, रक्तवाहिन्या आखडतात. हा आजार बहुतेक करून बायकांना होतो आणि आपल्याकडे सकाळी गार पाण्यात हात कुणाचे असतात, ते सांगायला नको. निफेडिपिनसारख्या गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात, पण गोळी घेऊन बाई पुन्हा मोरीवर बसली तर त्या गोळीने किती पुरं पडावं? घरातल्या पुरुषांना माझं स्वच्छ सांगणं आहे : भांडी तुम्ही घासा. मिश्री आणि तंबाखू तिला सोडायला मदत करा, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आणखी आखडतात. तुमची घरातली बिडीही बंद.

आता सार्वजनिक मंडळांसाठी. रक्तदान आणि नेत्रतपासणी शिबिरं तुम्ही घेताच. यंदाच्या वर्गणीतला थोडा भाग आपल्या भागातल्या अशा एक-दोन रुग्णांच्या ड्रेसिंगच्या सामानासाठी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यायेण्याच्या गाडीसाठी ठेवा. संधिवाततज्ज्ञ तालुक्याला सहसा नसतात. वाकड्या बोटांनी एसटीचा दांडा धरून जाणं काय असतं, ते सोबत जाऊन एकदा पाहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारायचं कामही कार्यकर्ते करू शकतात. आणि जखमेला वास येतो म्हणून कुणाला हळदीकुंकवातून, पंगतीतून वगळू नका.

या आठवड्यात करायचं ते सांगते. जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढा, दर रविवारी एक. कपाटातली जुनी फाइल, चालू गोळ्यांची पाकिटं आणि हे फोटो एका पिशवीत भरा. ड्रेसिंगला जाताना ही पिशवी न्या आणि विचारा : ‘या आजारामुळे तर ही जखम नाही ना? संधिवाताच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं का?’ त्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी मागून घ्या. जखम पाहणारे आणि आजार पाहणारे, दोघांचे फोन नंबर पिशवीवरच लिहून ठेवा, म्हणजे एकाने औषध बदललं की दुसऱ्याला त्याच दिवशी कळवता येईल.

— एक निवृत्त परिचारिका