गाडी पाण्यात कशाला?

मेकॅनिक्सच्या पेपरात उतारावरचा ठोकळा आपण सगळ्यांनीच सोडवलाय. आता ठोकळ्याच्या जागी ट्रेलरवरची छोटी बोट ठेवा. ती पाण्यात सोडायची आहे.

यासाठी १:८ च्या आसपासचा उतार सोयीचा. समजा, बोट तरंगायला ६० सेंमी पाणी हवं. १:८ वर ते काठापासून ४.८ मीटरवर मिळतं, १:१५ वर थेट ९ मीटरवर! एवढं मागे जाताना गाडीची मागची चाकंही पाण्यात जातात. सायलेन्सर बुडतो, चाकं गाळात नुसती फिरतात. शिवाय प्रवासात तापलेलं ट्रेलरचं बेअरिंग एकदम गार होऊन पाणी आत ओढतं.

तरी काठावरची मंडळी ओरडतात, "अजून मागे घे!" माझं म्हणणं उलट आहे. गाडी कोरड्यावरच थांबवा, चाकांना दगड लावा. ट्रेलर सोडवून जाड दोराने गाडीला बांधा आणि दोर हळूहळू सैल करत आत उतरवा. समुद्रावर असाल तर सरळ भरतीची वाट बघा.

हा फक्त हौशी लोकांचा विषय नाही. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरला बाहेरून बोटी आणाव्या लागल्या. पुरात रॅम्प कुठला? पाण्यात शिरलेला रस्ता हाच रॅम्प, आणि तो बहुधा उथळच. तिथे पहिलीच गाडी रुतली तर मागच्या सगळ्या बोटी खोळंबणार.

म्हणून एनएसएसच्या शिबिरात एक दिवस हा सराव ठेवाच. गणित तर आपल्याला येतंच, दोर धरायलाही शिकूया!