तो कॅल्क्युलेटर चुकीसकट मांडा

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा एचपी-३५ जपून ठेवला आहे. खिशात मावणारा हा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर फेब्रुवारी १९७२ मध्ये ३९५ डॉलरला बाजारात आला. त्यावर ३५ कळा होत्या, म्हणून नाव ३५. याच कंपनीचे १९६८ चे टेबलावरचे यंत्र सुमारे १८ किलोचे होते आणि त्याची किंमत ४,९०० डॉलर होती. इतक्या महाग खिशातल्या यंत्राला गिऱ्हाईक मिळणार नाही, असा बाजारपाहणीचा अंदाज होता. पहिल्याच वर्षी सुमारे एक लाख नग खपले. हे सगळे सांगण्याजोगे आहेच. पण हा कॅल्क्युलेटर ज्या संग्रहालयांकडे आहे किंवा येईल, त्यांनी त्याच्या अगदी सुरुवातीच्या, चुकीचे उत्तर देणाऱ्या तुकडीतला नग मिळवावा आणि ती चूक पाटीवर ठळक लिहावी, असे मला वाटते.

चूक अशी होती. २.०२ या संख्येचा नैसर्गिक लॉग काढायचा आणि लगेच ई-चा घात देणारी कळ दाबून उलट फिरायचे. जिथून निघालो तिथेच, म्हणजे २.०२ वर, परत यायला हवे. सुरुवातीचे यंत्र नुसते २ दाखवी. दहा अंकांपर्यंत उत्तर देणाऱ्या यंत्रातून दुसऱ्या दशांश स्थानावरचा अंक नाहीसा होत होता! मराठी वाचकाला हे घरबसल्या ताडून पाहता येईल. आपल्याकडे बारावीच्या भौतिकशास्त्राच्या परीक्षेत लॉग टेबल चालते, कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे ते पुस्तक अनेक घरांत असते. त्यात २.०२ समोर ०.३०५४ मिळते आणि त्याचा अँटिलॉग काढला की २.०२० परत येते. टेबल दहाच्या पायाचे आहे, पण जाण्यायेण्याची वाट तीच. चार अंकी कागद जिथे बरोबर पोहोचतो, तिथे दहा अंकी यंत्र चुकले होते.

का चुकले, हे पाहिले की यंत्राचे खरे मोल कळते. एचपी-३५ च्या आत लॉगचे टेबल नव्हते. त्याच्या चिपला मुळात बेरीज, वजाबाकी आणि दशांश चिन्ह सरकवणे एवढेच येत होते. एवढ्या भांडवलावर लॉग, घात, साइन, कोसाइन काढण्याची युक्ती जॅक व्होल्डर यांनी १९५९ मध्ये विमानाच्या दिशादर्शनासाठी मांडलेल्या पद्धतीशी नाते सांगते. डेव्हिड कॉक्रन यांनी त्या धर्तीवरचे गणित या यंत्रात बसवले. लॉग हवा असेल तर दिलेली संख्या १.१, १.०१, १.००१ अशा घटकांत मोडायची आणि त्या घटकांचे आधीच साठवलेले लॉग मिळवत जायचे. हे सारे तीन चिपमधल्या एकूण ७६८ आज्ञांत कोंबलेले. मला हे मानवी बुद्धीचे फार सुंदर काम वाटते. इतक्या तंग जागेत एक प्रसंग हाताळायचा राहिला आणि ती चूक सिलिकॉनमध्ये कोरली गेली, म्हणून दुरुस्तीसाठी चिपच बदलावी लागली. तोवर सुमारे २५ हजार यंत्रे विकली गेली होती. कंपनीने ग्राहकांना चूक कळवली आणि यंत्र बदलून देण्याची तयारी दाखवली.

ही चूक क्षुल्लक आहे, मोजक्याच संख्यांना बाधते, तिचा गाजावाजा एका थोर यंत्रावर अन्याय करील, असे कोणी म्हणेल. बाधित संख्या थोड्या होत्या, हे खरे. पण निर्दोष नगाशेजारी ‘पहिला’ एवढेच लिहिले, तर पडद्यावर उमटलेला आकडा म्हणजे सत्य, हाच समज पाहणाऱ्याच्या मनात पक्का होतो. तो आकडा कोणीतरी आखलेल्या पद्धतीचे फळ आहे, हे फक्त चूकच डोळ्यांना दाखवते. आणि ती लपवली तर चूक उघडपणे मान्य केल्याचा इतिहासही लपतो. तो या यंत्राच्या थोरवीचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पन्नास वर्षांपूर्वीची विद्युत्‌-यंत्रणा नाजूक असते, जुन्या बॅटऱ्या पाझरतात. प्रेक्षकांसाठी मूळ वस्तू चालवणे म्हणजे ती गमावणे. हे मला पूर्ण मान्य आहे, मूळ यंत्र बंदच राहावे. पण अभ्यासकांनी त्यातल्या आज्ञा वाचून काढून संगणकावर हुबेहूब चालवल्या आहेत, चुकीच्या आवृत्तीसह. अशा संगणकाचा पडदा काचपेटीजवळ ठेवता येतो. राहिला प्रश्न सामान्य प्रेक्षकाला यातले काय कळणार, हा. त्याला लॉग म्हणजे काय हे माहीत असण्याची गरजच नाही, २.०२ देऊन २ परत आले, एवढे सातवीतल्या मुलालाही खटकते. ते त्याला स्वतः कळा दाबून पाहू द्यावे आणि शेजारी लॉग टेबल उघडून ठेवावे, २० च्या ओळीत २ च्या स्तंभाखालचा ३०५४ दिसेल असे.