तळ्यातील शेजारी

पावसाळ्याच्या आरंभी अभ्यासाच्या दिव्यावर एखादा मोठा काळसर भुंगेरा येऊन आदळतो. घरातील मंडळी त्यास केराबरोबर बाहेर लोटतात. त्याच्या अंगास पिवळी किनार असेल व मागचे पाय वल्ह्यांसारखे चपटे असतील, तर तो पाणभुंगेरा होय. तो कोठल्या तरी तळ्यातून उडत आलेला असतो.

शास्त्रज्ञ त्याच्या प्रजातीस सायबिस्टर म्हणतात. कर्टिस या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८२७ साली तिला हे नाव दिले. तिच्या सुमारे १०० जाती प्रामुख्याने उष्ण देशांत राहतात. 'त्रिपंक्टेटस' ही जाती तर आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली आहे. डायटिस्कस ही तिची बहीण मात्र उत्तरेकडील थंड तळ्यांत रमते.

या जीवाचे घर म्हणजे केवळ पाणी नव्हे. तो पंखांखाली हवा साठवून बुडी मारतो, पाणवनस्पतींत अंडी घालतो. त्याची अळी पाण्यात शिकार करून वाढते आणि कोश करण्यासाठी काठच्या ओल्या मातीत शिरते. पाणी, लव्हाळे व माती यांपैकी एक जरी नाहीसे झाले, तरी त्याचा वंश खुंटतो. जपानात याच प्रजातीचा 'गेंगोरो' भातखाचरांतून सर्रास दिसे. कीटकनाशकांमुळे व तळी बुजल्यामुळे तो अनेक भागांतून नाहीसा झाला आहे.

आमचा आदिलाबाद जिल्हा कापसाचा. पैनगंगेच्या काठी आम्ही शेतकऱ्यांचीच मुले आहोत. फवारणी बंद करा, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? परंतु फवारणीचा पंप ओढ्यात वा तळ्यात धुणे तरी थांबविता येईल. 'मिशन काकतीय' योजनेखाली २०१५ पासून तेलंगणातील जुन्या तळ्यांचा गाळ निघाला, ही आनंदाची गोष्ट होय. असे काम करताना एका बाजूचा काठ मातीचा व लव्हाळ्यांचा राहू द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.

पाणभुंगेऱ्याची अळी माशांची पिले खाते, असा आक्षेप कोणी घेतील. तो खरा आहे. पण ती डासांच्या अळ्याही खाते. शिवाय शेजाऱ्याचा उपयोग मोजूनच त्यास राहू द्यावयाचे, हा न्याय आम्हांस पटत नाही. ज्या पाण्यात हा जीव जगत नाही, त्याच पाण्यावर आमची गुरे जातात, हे विसरून कसे चालेल?

विद्यार्थीमित्रहो, यंदा दिव्यावर तो आला, तर त्यास केरात न टाकता ओंजळीत घेऊन तळ्याकाठी सोडा. आणि घरी पंप कोठे धुतला जातो, ते एकदा विचारा.