शारजा स्वस्त आहे, पण कोणासाठी?



या महिन्यात खेड तालुक्यातल्या एका बहिणीने लिहिले आहे: "मुलांचे अब्बा सहा वर्षांपासून दुबईत नोकरीला आहेत. पगार साडेसात हजार दिरहम. मोठी मुलगी तीन वर्षांची, धाकटा एक वर्षाचा. आता ते म्हणतात, शारजात घर स्वस्त मिळते, तुम्ही या. सुरुवातीच्या खर्चासाठी बँकेचे कर्ज काढणार आहेत. सासूबाई म्हणतात, गावाकडचे घर अर्धवट आहे, आधी ते पुरे करा. मी काय करू?"

बहिणी, हा प्रश्न कोकणातल्या कितीतरी घरांचा आहे. कागद-पेन घेऊन बसूया.

शारजा दुबईला अगदी लागून आहे. अल नहदा नावाची वस्ती तर दोन्हीकडे आहे, मध्ये सरहद्द. तरीही घरभाड्यात मोठा फरक पडतो, म्हणून दुबईत काम करणारी हजारो कुटुंबे शारजात राहतात. तिथे दारूबंदी आहे, मशीद पायी जाण्याच्या अंतरावर असते, रोल्ला भागात आपल्याकडचा सगळा किराणा मिळतो. पगारावर आयकर नाही. वस्तूंवर २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे, तेवढाच. पत्नी-मुलांचा व्हिसा काढण्यासाठी चार हजार दिरहम पगार, किंवा तीन हजार आणि राहण्याची सोय, एवढी अट आहे. म्हणजे कायद्याने तुम्ही जाऊ शकता. पण व्हिसा मिळणे वेगळे आणि घर चालणे वेगळे.

आता हिशोब. खालचे आकडे अंदाजाचे आहेत. मुलांच्या अब्बांना विचारून तुम्ही ते आपल्या घरापुरते दुरुस्त करा.

एका बेडरूमचे जुन्या इमारतीतले घर वर्षाला तीस हजार धरले, तर महिन्याला २,५०० दिरहम. वीज, पाणी, गॅस, इंटरनेट ६००. उन्हाळ्यात एसी रात्रंदिवस चालतो, म्हणून हा आकडा कमी धरू नका. किराणा, दूध, गोश्त, औषधे १,२००. त्यांचे येणे-जाणे ५००. फोन १५०. व्हिसा, ओळखपत्र, मेडिकल यांचे नूतनीकरण येते तेव्हा एकदम येते, त्यासाठी दर महिन्याला २०० बाजूला ठेवा. बेरीज ५,१५०. हातात उरले २,३५०. आज हे जमते, अल्हम्दुलिल्लाह.

पण वर्षभरात मुलगी शाळेत जाईल, पाठोपाठ धाकटा. तिथे आपल्या मुलांना खासगी शाळेतच घालावे लागते. फी आणि स्कूलबस मिळून एका मुलाचे वर्षाला अकरा हजार धरले, तर दोघांचे महिन्याला १,८५० च्या आसपास. एकूण खर्च सात हजार. उरले ५००. वर्षाचे सहा हजार. सुट्टीत चौघांची गावाला येण्या-जाण्याची तिकिटे काढली की ते संपले. गावाकडच्या घराला, सासूबाईंच्या औषधाला, पुढच्या शिक्षणाला काहीच नाही. वरच्या इयत्तेत फी वाढते, ती वेगळीच.

याच्या उलट, ते एकटे असताना बेड स्पेसमध्ये राहून, जेवण-प्रवास धरून दोन हजारांत भागते. साडेपाच हजार उरतात. म्हणजे दोन्ही मुले शाळेत गेल्यावर एकत्र राहण्याची किंमत महिन्याला पाच हजार दिरहम. २३ रुपयांच्या दराने एक लाख पंधरा हजार रुपये.

दराचीही एक गोष्ट लक्षात घ्या. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, म्हणून रुपया घसरला की दिरहम आपोआप महाग होतो. २०१४ साली एका दिरहमला सोळा-सतरा रुपये मिळायचे, २०२४ च्या अखेरीस तेवीसच्या वर. पण याचा फायदा घरी पाठवलेल्या पैशाला होतो. भाडे आणि फी दिरहममध्येच भरायची, त्यात रुपयाची घसरण काही कामाची नाही.

आणि एक खर्च पैशात मोजता येत नाही. दुबईची मेट्रो शारजात येत नाही. बस धरा किंवा गाडी, सकाळी अल इत्तिहाद रोडवर वाहनांची रांग ठरलेली. गाडीने गेले तर दुबईतल्या प्रत्येक सालिक टोलला गर्दीच्या वेळी सहा दिरहम, हे २०२५ पासून. काम दुबईच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर दिवसाचे तीन-चार तास रस्त्यावर जाऊ शकतात. ज्या बापासाठी आपण घर हलवले, तो फजरनंतर निघाला आणि मुले झोपल्यावर परतला, तर मिळवले काय? म्हणून आधी विचारा: काम नेमके कुठे आहे, संध्याकाळी घरी किती वाजता पोहोचतील?

आता कर्जाचे. भाडे बहुधा पुढच्या तारखांच्या चेकनी द्यावे लागते. त्यात दलालाचे कमिशन, डिपॉझिट, वीज-पाण्याचे डिपॉझिट, फ्रिज, पलंग, वॉशिंग मशीन. पहिल्याच महिन्यात मोठी रक्कम लागते, आणि तिथेच पाय घसरतो. क्रेडिट कार्ड किंवा व्याजाचे कर्ज घेऊन संसार मांडला, तर दीनच्या दृष्टीने सूद आलाच, आणि वरच्या २,३५० मधून हप्ताही गेला. नोकरी गेली तर कर्ज फेडल्याशिवाय निघणेही कठीण. माझे स्पष्ट मत आहे: हे कर्ज नको. सहा महिने थांबा, त्यांच्या एकट्याच्या बचतीतून ही रक्कम जमवा. किंवा घरातल्या कोणाकडून कर्ज-ए-हसना घ्या, लिहून घ्या आणि ठरल्या तारखेला फेडा.

मग जावे की नाही? जा, पण परतीचे वर्ष ठरवून जा. मुले लहान आहेत तीच वर्षे स्वस्त आहेत, आणि बापाची सर्वांत जास्त गरज असतानाचीही तीच आहेत. मुलगी पहिली-दुसरीत जाईपर्यंत तीन-चार वर्षे राहा. त्या वयाचे मूल गावच्या शाळेत सहज रमते. आठवी-नववीत परत आणले तर त्याला जड जाते, आणि ना तिथे राहता येते ना इथे. मधल्या काळात त्यांचा पगार वाढला किंवा तुम्हालाही काम मिळाले, तर हिशोब पुन्हा मांडा.

नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीला या हिशोबात हात लावू नका. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी मूळ पगाराचे २१ दिवस, त्यापुढे ३० दिवस, असा तिचा नियम आहे. ती परतीची शिदोरी आहे.

सासूबाईंनाही हा कागद दाखवा. घर अर्धवट राहील ही त्यांची भीती खरी आहे. २,३५० मधून महिन्याला हजार दिरहम त्यांच्यासाठी आणि घरासाठी ठरवून पाठवा, आणि ते आधी पाठवा, उरले तर नव्हे. उधळपट्टी नको आणि कंजुषीही नको, मधला रस्ता धरा, ही आपल्या दीनची शिकवण आहे.

अल्लाह तुमच्या रोजीत बरकत देवो. आमीन.