पिझ्झा वरून हिट, खालून फ्लॉप?

फार्महाऊसवर किंवा बंगल्याच्या अंगणात स्वतः बांधलेली पिझ्झाची भट्टी म्हणजे एकदम स्टाइल! पहिला पिझ्झा झक्कास होतो, दुसरा ठीकठाक. तिसऱ्याचं चीज मस्त बुडबुडतंय, कडा फुगलीय... आणि खालून पांढराफटक! मग सगळे मिळून भट्टीत लाकडं कोंबतात. घुमट आणखी तापतो, टॉपिंग करपतं, खालचं कच्चं ते कच्चंच. तोवर भुकेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी हळूच फोन काढून ऑर्डर देतं. इज्जतीचा पार फालुदा!

मंडळी, घोळ आगीत नाहीये, तळात आहे. नेपल्समध्ये १९८४ मध्ये अस्सल पिझ्झा जपणाऱ्यांची संघटना निघाली. त्यांच्या नियमाप्रमाणे तळ ३८० ते ४३० अंश सेल्सियस हवा आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर. घरी ३५० अंशही चालतील, पण ते चौथ्या पिझ्झापर्यंत टिकायला नकोत का? घरगुती भट्टीत बऱ्याचदा विटा थेट काँक्रीटच्या स्लॅबवर बसवलेल्या असतात. विटांमधली उष्णता गुपचूप खाली उतरत राहते. दोन तास जाळ झाल्यावर स्लॅबच्या खालच्या बाजूला हात जवळ नेऊन बघा. धग जाणवली तर तुमची लाकडं पिझ्झा नाही, स्लॅब भाजतायत!

उपाय म्हणजे विटांखाली उष्णता अडवणारा थर. तळाच्या विटा काढा. घुमट ज्या विटांवर उभा आहे त्यांना मात्र हात लावायचा नाही, फक्त आतल्या काढायच्या. तिथे कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड टाका, २५ मिमी तरी हवा, ५० असेल तर उत्तम. (जुना अॅस्बेस्टॉसचा पत्रा पडलाय म्हणून तो वापरायचा नाही. प्लीज!) बोर्डावर चाळलेली बारीक रेती आणि फायरक्लेचा पातळ सुका थर, त्यावर विटा. सिमेंट अजिबात नको. विटा तापल्या की फुगतात, त्यांना हलायला जागा लागते. शिवाय एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते. मांडणी तिरकी, हेरिंगबोन पद्धतीची करा, म्हणजे पिझ्झा सरकवायचं फावडं विटेच्या कडेला अडकत नाही.

पण बोर्ड घातला की तळ वर येतो आणि तोंडाची उंची कमी होते. म्हणून आधी मोजा. जागा नसेल तर ७५ मिमीच्या विटेऐवजी ५० मिमीची फायर टाइल घ्या. ती लवकर तापते आणि खाली बोर्ड असल्यामुळे टिकतेही. वीकएण्डच्या आठ-दहा पिझ्झांसाठी मला तरी हीच जोडी पसंत आहे.

दुकानदार 'जास्त अॅल्युमिनावाली घ्या, एकदम भारी' म्हणेल. पोलादाच्या भट्टीला भारी, पिझ्झाला नाही! ती उष्णता फार झपाट्याने देते आणि पिझ्झाचं बूड काळं होतं. नेपल्सवाले तर तळाला मुद्दाम मातीच्या सच्छिद्र फरश्या वापरतात, कारण त्या उष्णता सावकाश सोडतात. खानदेशात पुरणाचे मांडे मातीच्या खापरावर का भाजतात ते आठवा. पातळ मांडा लोखंडी तव्यावर पटकन करपेल, खापर त्याला सांभाळून घेतं. तेव्हा साधी फायरक्लेची वीट घ्या. पांढरी, हलकी इन्सुलेशनची वीट मात्र तळाला नकोच. ती उष्णता साठवत नाही आणि फावड्याने खरवडली जाते.

नवा तळ बसवल्यावर लगेच पार्टी ठेवू नका! चार-पाच दिवस रोज छोटा जाळ करा, ओल हळूहळू निघू द्या. पावसाळ्यानंतरही हेच. ओली वीट एकदम तापली तर तडकते. पाणी ओतून तळ धुवायचाही नाही, पितळी ब्रश पुरे. पार्टीच्या दिवशी निखारे तासभर मधोमध पसरून ठेवा, मग बाजूला सारा आणि चिमूटभर मैदा टाकून बघा. क्षणात काळा झाला तर थोडं थांबा. सावकाश तपकिरी झाला तर सोडा पहिला पिझ्झा!